मेंदूचा मेंटेनन्स : याचा स्पेअर पार्ट मिळत नाही!

मेंटेनन्सचे दोन प्रकार मेकॅनिकलवाल्यांना तोंडपाठ असतात. मशीन बंद पडल्यावर धावपळ करायची तो ब्रेकडाऊन मेंटेनन्स, आणि बंदच पडू नये म्हणून आधीपासून तेलपाणी करायचं तो प्रिव्हेंटिव्ह. दुसरा स्वस्त पडतो, हे ओरलला आपण ठणकावून सांगतो. पण मित्रांनो, हे उत्तर ज्या मशीनने पाठ केलं त्याच्या तेलपाण्याचं काय? किडनी बदलता येते, गुडघा बदलता येतो, आता तर हृदयही बदलता येतं. मेंदू बदलता येत नाही.

आधी स्पेसिफिकेशन पाहू. वजन साधारण १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली सुमारे २० टक्के ऊर्जा हा एकटा खातो. पॉवर साधारण २० वॅट, म्हणजे झिरोच्या जुन्या बल्बच्या आसपास. त्यात चेतापेशी सुमारे ८६०० कोटी. कातडीच्या पेशी गळतात आणि नव्या येतात, पण मेंदूच्या बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात. म्हणून जो माल हाती आहे तोच जपायचा.

'नाईट' मारण्याचा हिशोब

सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलवर झोपणारा माणूस म्हणजे गद्दारच! पण झोपेत मेंदू बंद नसतो. दिवसभर शिकलेलं आधी हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात कच्चं साठवलं जातं. गाढ झोपेत त्याची पुन्हा पुन्हा उजळणी होते आणि ते मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्कं बसतं. थोडक्यात, रफ वहीतलं फेअर जर्नलमध्ये उतरवायचं काम रात्री चालतं. रात्रभर जागून पाच युनिट वाचली, तरी फेअर जर्नल कोरंच राहतं. मग पेपरात 'वाचलंय रे, पण आठवत नाही' असं होतं, त्यात नवल काय?

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका बिघडला होता. २४ तास जागल्यावर तो जवळपास ०.१० टक्क्यांइतका बिघडला. आता आपला कायदा बघा. गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असेल तर गुन्हा, म्हणजे मर्यादा ०.०३ टक्के. सकाळी सातला उठलेला पोरगा रात्री बाराला थेंबभरही न पिता या मर्यादेच्या पलीकडे पोचलेला असतो! आणि रात्रभर जर्नल लिहून सकाळी बाइकला किक मारणारा? तो तर कितीतरी पुढे.

हेल्मेटचं गणित

म्हणून झोपेनंतर थेट हेल्मेटकडे येऊ. बाइकवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असतं. बाइकचा वेग शून्य धरू, नुसता तोल जाऊन पडलो. दीड मीटर पडताना मिळवलेली ऊर्जा थांबताना खर्च व्हायला हवी. समीकरण सोडवलं की उत्तर अगदी सोपं येतं : पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर, जितकं येईल तितके 'जी'. उघडी कवटी डांबरावर समजा २ मिलिमीटरमध्ये थांबली, तर ७५० जी. हेल्मेटमधलं थर्माकोल चेपून तेच अंतर २ सेंटिमीटर झालं, तर ७५ जी. गणित ढोबळ आहे, पण दहापट फरक कुठे पडतो ते कळतं. हेल्मेटचं खरं काम बाहेरच्या चकचकीत कवचाइतकंच आतलं थर्माकोल करतं. म्हणून आयएस ४१५१ हा मार्क बघून घ्या, आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट तुमच्याआधी जमिनीवर पोचतं.

कवटी शाबूत राहिली म्हणजे सुटलो, असंही नाही. मेंदू आत द्रवात तरंगत असतो. कवटी थांबते, पण न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे मेंदू पुढे जात राहतो, आतून आपटतो, त्याचे तंतू ताणले जातात. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार मोटारसायकलच्या अपघातात हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. केस विस्कटतात ही तक्रार यापुढे टिकते का, तुम्हीच ठरवा.

हळूहळू चढणारा गंज

काही नुकसान आवाज न करता होतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे १४ टाळता येण्याजोगे घटक मांडले. ते सगळे दूर झाले तर जगातल्या सुमारे ४५ टक्के केसेस टळू शकतील किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. यादीत रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, अति दारू, व्यायामाचा अभाव, प्रदूषित हवा, डोक्याची दुखापत, कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं आहे. नीट पाहिलं तर यातल्या बऱ्याच सवयींचं भूमिपूजन टपरीवर आणि हॉस्टेलच्या खोलीतच होतं. कानात तासन्‌तास मोठ्या आवाजात इयरफोन हासुद्धा त्यातलाच प्रकार.

गंमत म्हणजे 'कमी शिक्षण' हाही त्या यादीतला घटक आहे. म्हणजे डोकं वापरणं हेच डोक्याचं संरक्षण. आणि चालणंही! २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालणाऱ्या वयस्कर मंडळींचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता. आजी-आजोबांना जमतं, तर आपल्याला मेसपर्यंत बाइक कशाला लागते?

उरलेले दोन घटक म्हणजे नैराश्य आणि एकटेपणा. केटी लागल्यापासून खोलीचं दार बंद करून बसलेला एखादा मित्र प्रत्येक मजल्यावर असतो. 'नाटकं करतोय' म्हणून सोडून देऊ नका. दार वाजवा, चहाला न्या, बोलतं करा. गरज वाटली तर सरकारच्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

तर मंडळी, शेड्यूल फार अवघड नाही. रोज सात-आठ तास झोप, बाइकवर पट्टा लावलेलं हेल्मेट, थोडं चालणं, सिगारेट-गुटख्याला रामराम आणि चार माणसांत बसून गप्पा. खर्च एका चांगल्या हेल्मेटचा. सबमिशनची तारीख पुढे ढकलून मिळते, केटी पुढच्या सेमला सुटते. मेंदूचा ब्रेकडाऊन झाला तर रि-एक्झाम नाही. तेव्हा आज रात्री जर्नल मिटा आणि झोपा!