शिक्षा : एक झाडू आणि थोडा वेळ

बालमित्रांनो, शाळेच्या भिंतीवर कुणी कोळशानं रेघोट्या ओढल्या, तर त्याला काय शिक्षा करावी? पूर्वी उत्तर ठरलेलं असे. वर्गाबाहेर अंगठे धरून उभं राहायचं! पण त्यानं भिंत स्वच्छ होते का? नाही ना? त्यापेक्षा सर म्हणाले, "हा घे चुन्याचा डबा, भिंत पूर्वीसारखी करून दे," तर?

गंमत म्हणजे, हाच विचार आता आपल्या कायद्यातही आला आहे. इंग्रजांच्या काळातली, १८६० सालची भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या कायद्यात फाशी, जन्मठेप, कैद, मालमत्तेची जप्ती आणि दंड अशा शिक्षा होत्या. नव्या कायद्यानं त्यात एकीची भर घातली : सामुदायिक सेवा. म्हणजे समाजाच्या उपयोगाचं काम करायचं आणि त्याचा एक पैसाही घ्यायचा नाही!

समजा, एका तरुणानं दुकानातून बाराशे रुपयांचं घड्याळ उचललं. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो तुरुंगात गेला तर नोकरी जाणार, घरच्यांचे हाल होणार, वर सराईत चोरांची संगत! आता मात्र चोरी पाच हजार रुपयांच्या आतली असेल, गुन्हा पहिल्यांदाच सिद्ध झाला असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा होते. दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घालणं, कुणाची बदनामी करणं अशा गुन्ह्यांनाही ती देता येते. असे एकूण सहा गुन्हे आहेत. खून-दरोड्याला ही सवलत नाही, बरं का!

ब्रिटनमध्ये ही पद्धत १९७२ च्या कायद्यानं आली. तिथे ४० ते २४० तास काम ठरवून देत. आपल्या कायद्यात मात्र कोणतं काम, किती तास, हे लिहिलेलं नाही. ते न्यायाधीशांनी ठरवायचं. म्हणजे एकाला चार दिवस, तर तशाच दुसऱ्याला चाळीस, असंही होऊ शकेल. हा प्रश्न सुटायला हवा.

आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचं काय? त्यांचा खटला मोठ्यांच्या कोर्टात नव्हे, तर सहसा बाल न्याय मंडळापुढे चालतो. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. तेही मुलाला समाजसेवा करायला सांगू शकतात.

आता एक अवघड प्रश्न. झाडू मारणं ही जर शिक्षा, तर रोज पहाटे आपला रस्ता झाडणाऱ्या मावशींनी काय गुन्हा केला? काहीच नाही! काम हलकं नसतंच मुळी. शिक्षा असते ती आपला वेळ आणि घाम बिनमोल देण्याची. ज्या समाजाचं नुकसान केलं, त्याचं देणं फेडण्याची.

तुम्हाला काय वाटतं? आज जेवताना आई-बाबांनाही विचारा!