पावसाळाभर झाकून ठेवलेली जेट स्की सुरूच होईना? आधी सेल्फ मारणं थांबवा!

मालवण, तारकर्ली असो की गोव्यातलं कळंगुट, पावसाळा आला की समुद्र खवळतो आणि वॉटर स्पोर्ट्स बंद होतात. जेट स्की किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांच्यावर ताडपत्री पडते आणि तीन-चार महिने त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही.

मग पाऊस ओसरतो, पर्यटकांचे फोन सुरू होतात. ताडपत्री निघते, बटण दाबलं जातं आणि मशीन नुसतंच 'टक' करतं. किंवा घर्रघर्र फिरतं, पण पेट घेत नाही.

अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात, ती म्हणजे सेल्फवर सेल्फ मारत राहतात. नेमकी इथेच छोट्या दुखण्याची मोठी दुरुस्ती होते. शे-दोनशे रुपयांच्या प्लगवर भागणारं काम स्टार्टर मोटर जळण्यापर्यंत किंवा इंजिन खोलण्यापर्यंत जातं. हंगामच मुळात सात-आठ महिन्यांचा. त्यात दिवाळीची गर्दी हुकली, तर नुकसान फक्त दुरुस्तीच्या बिलापुरतं राहत नाही.

मग बंद पडून राहिलेली जेट स्की सुरू करायची कशी? समजून घेऊ.

सगळ्यात आधी सीट उघडा

जेट स्कीचं इंजिन बंदिस्त पोटात असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. कुठे गळती झाली असेल तर ती वाफ वर उडून न जाता तळाशी साचून राहते. अशा वेळी सेल्फ मारला आणि एखादी ठिणगी उडाली, तर भडका उडू शकतो.

म्हणून सीट काढा, थोडा वेळ वारं लागू द्या आणि मग वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर बटणाला हातही लावू नका. आधी गळती शोधा. जुन्या मशीनमध्ये इंधनाचे रबरी पाइप कडक होतात, त्यांना चिरा पडतात. तपासणीला सुरुवात तिथूनच करा.

आणखी एक काम करा. हवा आत घेणाऱ्या नळीत आणि वायरिंगजवळ नीट नजर टाका. चार महिने कुणी न फिरकलेली कोरडी जागा उंदरांना फार आवडते. त्यांनी कुरतडलेली एक वायरसुद्धा मशीन बंद ठेवायला पुरेशी असते.

आता नुसतं ऐका

मशीन काय आवाज करतं, यावरून निम्मं निदान होतं.

काहीच आवाज नाही: आधी मनगटाला अडकवायच्या दोरीची क्लिप नीट बसली आहे का ते बघा. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद व्हावं म्हणून ही सोय असते. क्लिप नसेल किंवा तिच्या स्विचला मीठ-गंज धरला असेल, तर मशीन सुरू होत नाही. मग फ्यूज तपासा.

नुसता 'टक' आवाज: बॅटरी उतरलेली असण्याची शक्यता सर्वाधिक. त्यानंतर संशय टर्मिनलच्या गंजावर आणि स्टार्टर रिलेवर.

जोरात फिरतं, पण पेटत नाही: बॅटरी बहुधा ठीक आहे. अडचण पेट्रोलची किंवा प्लगची.

सुरू होतं आणि लगेच बंद पडतं: पेट्रोल पुरेसं पोहोचत नाही. जुन्या मशीनमध्ये कार्बोरेटरचे जेट, तर नव्यात फिल्टर किंवा इंजेक्टर चोंदलेला असू शकतो.

'धप' करून अडकतं: ताबडतोब थांबा. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. यात नक्की काय होतं, ते पुढे बघू.

बॅटरी: दिसते चांगली, असते मेलेली

नुसती पडून असलेली बॅटरीही हळूहळू उतरत जाते आणि उष्ण हवेत हा वेग वाढतो. फार दिवस उतरलेल्या अवस्थेत राहिली की आतल्या प्लेट्सवर सल्फेटचा थर बसतो. मग ती चार्ज होते, पण चार्ज धरून ठेवत नाही.

साधा मल्टीमीटर लावून बघा. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी चार्जर काढल्यानंतर काही तासांनी साधारण १२.६ व्होल्ट किंवा थोडी जास्तच दाखवते. १२ च्या आसपास आकडा आला तर ती जवळपास रिकामी आहे असं समजा.

पण एवढ्यावर थांबू नका. सेल्फ मारताना आकडा किती खाली येतो, तेही बघा. चार्ज केलेली बॅटरी त्या वेळी साडेनऊ-दहा व्होल्टच्याही खाली कोसळत असेल, तर तिचा शेवट जवळ आला आहे.

चार्जिंग मशीनच्या पोटात करू नका. बॅटरी बाहेर काढून मोकळ्या हवेत करा, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. काढताना आधी निगेटिव्ह वायर सोडवायची आणि लावताना ती शेवटी जोडायची. टर्मिनलवरची हिरवी-पांढरी पूड घासून काढा.

टाकीतलं पेट्रोल चार महिन्यांनी तेच राहतं का?

नाही. पेट्रोलमधला चटकन पेट घेणारा हलका भाग उडून जातो. उरलेल्याचा चिकट थर तयार होतो. कार्बोरेटरच्या जेटची छिद्रं सुईइतकी बारीक असतात, त्यामुळे एवढासा थरही ती बुजवायला पुरतो.

यात इथेनॉलची भर पडते. भारतात आता पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. बहुतेक जेट स्कींच्या मॅन्युअलमध्ये मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची परवानगी दिलेली असते. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि कोकणातल्या पावसाळी हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी बसतो. टाकीतून पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते. म्हणजे इंजिनाला मिळतं ते हेच मिश्रण.

तपासायचं कसं? थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या, आसपास विडी-सिगारेट नको. रंग गडद झाला असेल, वास आंबट किंवा वॉर्निशसारखा येत असेल, किंवा तळाशी वेगळा थर दिसत असेल, तर सगळं पेट्रोल काढून टाका. त्यात ताजं पेट्रोल ओतून काम भागत नाही. स्टॅबिलायझर नावाचं द्रव्यही इथे उपयोगाचं नाही. ते पेट्रोल टिकवतं, बिघडलेलं सुधारत नाही. आणि काढलेलं पेट्रोल वाळूत किंवा खाडीत ओतू नका, गॅरेजमध्ये द्या.

प्लग काढा, तो सगळं सांगतो

प्लग पेट्रोलने ओला असेल तर इंजिन 'ओव्हर' झालं आहे, म्हणजे पेट्रोल पोहोचतंय, पण जळत नाही. सारखा सेल्फ मारल्यावर हेच होतं. प्लग पूर्ण कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. ठेवताना इंजिनात फॉगिंग ऑइल फवारलं असेल तर प्लग तेलकट निघतो. अशा वेळी नवे प्लग टाकणं सगळ्यात स्वस्त पडतं. पहिल्या स्टार्टला थोडा धूर आला तर घाबरू नका, ते तेल जळत असतं.

आणि प्लगवर पाण्याचे थेंब दिसले, तर प्रकरण गंभीर आहे. पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर लावला तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून आधी सगळे प्लग काढायचे आणि मगच थोडा थोडा सेल्फ मारून पाणी बाहेर काढायचं. हे करताना प्लगच्या वायरी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे अर्थ करायलाच हव्यात. नाहीतर बाहेर उडणारं पेट्रोल आणि मोकळी ठिणगी एकत्र येतात. फोर-स्ट्रोक मशीनचं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी ऑइलपर्यंत गेलं आहे. इथून पुढचं काम मेकॅनिकचं.

बॅटरी, पेट्रोल, प्लग सगळं ठीक असूनही मशीन पेटत नसेल, तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. दोन सिलिंडरमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक आला, तर दुखणं इंजिनाच्या आत आहे.

सेल्फ किती वेळ मारायचा?

एका वेळी पाच-सात सेकंद, मग थोडी विश्रांती. स्टार्टर मोटर प्रचंड करंट खेचते आणि लगेच तापते. चार-पाच प्रयत्नांत जमलं नाही, तर कारण शोधायला परत मागे जा.

सुरू झाली! पण अजून एक चूक बाकी असते

जेट स्की थंड राहते ती पाण्यावर. किनाऱ्यावर कोरडी चालवली तर एक्झॉस्टचे रबरी भाग आणि काही मॉडेलमध्ये शाफ्टचं सील काही सेकंदांत तापतं. त्यामुळे पाण्याची नळी जोडूनच चालवा. यातला क्रम मात्र पक्का लक्षात ठेवा. आधी इंजिन सुरू, मग नळ सुरू. बंद करताना आधी नळ बंद, मग इंजिन. उलट केलं तर एक्झॉस्टमधलं पाणी मागे येऊन इंजिनात शिरू शकतं आणि इतका वेळ टाळलेलं संकट आपणच ओढवून घेतो.

सुरू झाली म्हणून लगेच पर्यटकाला बसवू नका. आधी किनाऱ्याजवळ, दुसरी बोट सोबतीला ठेवून फेरी मारा. तापल्यावर बंद करून पुन्हा सुरू होते का, तेही बघा. लाटांमध्ये बंद पडलेली जेट स्की म्हणजे त्यावर बसलेल्या दोन माणसांची सुरक्षितता.

पुढच्या पावसाळ्याआधी काय करायचं?

शेवटच्या फेरीनंतर गोड्या पाण्याने आतून-बाहेरून मीठ धुवून काढा. टाकीत ताजं पेट्रोल आणि योग्य प्रमाणात स्टॅबिलायझर टाका. मग नळी जोडून इंजिन थोडा वेळ चालवा, म्हणजे ते मिश्रण पाइपपासून इंजिनापर्यंत पोहोचेल. मॅन्युअलप्रमाणे फॉगिंग ऑइल फवारा. बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा.

लॉकडाऊननंतर दारातली स्कूटर सुरू करताना अनेकांनी हाच अनुभव घेतला होता. तिथेही कारणं बहुतेक हीच होती: उतरलेली बॅटरी, शिळं पेट्रोल, खराब प्लग. फरक इतकाच, की स्कूटर बंद पडली तर ढकलत घरी आणता येते.