मेंबरवर लक्ष कोणाचं?

मागच्या सेमिस्टरला सबमिशनच्या ऐन धामधुमीत माझी रूममेट दोन दिवस गावी जाऊन आली. तिची आई ग्रामपंचायत सदस्य आहे. गावातल्या एकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता, यांचं घर गायरानात आहे, यांना अपात्र करा. "घर आजोबांनी बांधलं, आई नंतर लग्न होऊन आली. तिची काय चूक?" असं ती मला विचारत होती. मी पडले कॉन्व्हेंटची! नोटिशीतला 'अनर्ह' हा शब्दच मला आधी शब्दकोशात बघावा लागला. म्हटलं, कायदा काय म्हणतो ते तरी बघूया.

मला वाटायचं, पंचायत म्हणजे आपल्या मेस कमिटीसारखी. एखादा मेंबर चुकला की बाकीचे मीटिंग घेऊन त्याला काढणार. तसं नाही. अविश्वास ठराव सरपंच-उपसरपंचांवर येतो. साध्या सदस्याला बाकीचे सदस्य मतदान करून घरी बसवू शकत नाहीत. एका अर्थी ते बरंच आहे, नाहीतर बहुमतवाल्यांनी विरोधक शिल्लकच ठेवला नसता.

मग लक्ष ठेवतं कोण? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये याचे दोन रस्ते आहेत.

पहिला कलम १४ चा. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा असेल, पंचायतीचा कर मागणी होऊनही तीन महिन्यांत भरला नसेल, सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केलं असेल, तर सदस्यत्व जातं. कोणीही अर्ज करू शकतो. कलम १६ प्रमाणे निर्णय जिल्हाधिकारी देतात, त्यावर अपील करता येतं.

दुसरा कलम ३९ चा. कामातली गैरवर्तणूक, लज्जास्पद वागणूक, कर्तव्यात हयगय अशा तक्रारींची चौकशी जिल्हा परिषदेचे सीईओ करतात आणि काढण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांचा.

आपल्या भाषेत सांगायचं तर पहिला रस्ता म्हणजे फ्यूज. उडाला किंवा नाही उडाला, मधलं काही नाही. दुसऱ्यात मात्र माणसाचं वागणं तोलायचं असतं, ते मोजपट्टीने मोजता येत नाही.

पण फ्यूजही वाटतो तितका सोपा नाही. २०१८ मध्ये वाशिम जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अतिक्रमण सासऱ्यांनी आणि नवऱ्याने केलेलं असलं, तरी त्या घरात राहून त्याचा फायदा घेणारी सदस्यही अपात्र ठरते. म्हणजे रूममेटच्या प्रश्नाचं उत्तर तिला नकोसं होतं. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांचं प्रकरण आलं. आपण सासूच्या घरात राहत नाही, वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. खालपासून उच्च न्यायालयापर्यंत सगळे निकाल त्यांच्या विरोधात गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं. निवडून आलेल्या माणसाला, त्यातही गावातल्या बाईला, काढणं ही हलक्यात घेण्याची गोष्ट नाही, असं बजावलं.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की कळतं, नियम खरा आहे, पण पुरावाही तितकाच खरा हवा. कारण फ्यूज आपोआप उडत नाही, जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतःहून प्रश्न उचलावा लागतो किंवा कोणीतरी अर्ज करावा लागतो. आणि अर्ज नेहमी गावाच्या प्रेमाने होतो असं नाही. रूममेटच्या आईने मासिक सभेत पाइपलाइनच्या बिलाचा हिशोब मागितला होता. त्यानंतर महिन्याभरातच हा अर्ज पडला.

मी रूममेटला म्हटलं, "काकू त्याच घरात राहतात, म्हणजे केस अवघड आहे गं." ती गप्प बसली. रात्री तिने आईला फोन करून सगळं समजावून सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मेंबरकी गेली तर ग्रामसभेत बसता येतं ना?"

येतं की! ग्रामसभेत गावातला प्रत्येक मतदार बसतो आणि हिशोबही विचारू शकतो.

"मग झालं," काकू म्हणाल्या. "बिलाचं तिथे विचारीन."