महाडचा प्रश्न, पुण्याची प्रयोगशाळा

भातकापणी उरकली की महाड-पोलादपूरच्या गावांत खळ्याशेजारी उडव्या उभ्या राहतात. पेंढा उपसताना, सरपण काढताना, जांभ्याचा दगड हलवताना लाल विंचू डसतो. पूर्वी अशा माणसाला विंचू उतरवणाऱ्याकडे नेत आणि रात्रभर वाट पाहत. वेदना होतच, पण जीव जायचा तो हृदय आणि फुप्फुसं निकामी झाल्यामुळे.

जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णाच्या खाटेशी बसून ते बारकाईने नोंदी करू लागले: उलट्या, दरदरून घाम, बर्फासारखे गार हातपाय, चढलेला रक्तदाब आणि मग तोंडाला फेस आणणारी धाप. विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. धोक्याची ही आगाऊ लक्षणं त्यांनी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली.

उपाय साधा निघाला. प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी तिचा उपयोग 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मधूनच जगापुढे ठेवला. गंभीर विंचूदंशात एकेकाळी शंभरातले तीसएक रुग्ण दगावत. हे उपचार रुळल्यावर ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. 2022 मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

पुढचा टप्पा मात्र एकट्या दवाखान्याला गाठता येण्यासारखा नव्हता. विंचवाच्या विषावरची लस घोड्यांच्या रक्तातून तयार होते. त्यासाठी हाफकिनसारखी संस्था लागते. महाडमध्ये 70 रुग्णांवर या लशीची चाचणी झाली आणि 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. नुसत्या प्राझोसिनने बरं व्हायला सरासरी 17.7 तास लागले, लशीची जोड दिल्यावर 10. म्हणजे रात्री नऊला उपचार सुरू झालेला शेतकरी दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेतीनपर्यंत अडकण्याऐवजी सकाळी सातलाच सावरतो. खाटा मोजक्या असलेल्या तालुक्याच्या ठिकाणी हा फरक फार मोठा आहे.

दवाखान्यातला प्रश्न आणि प्रयोगशाळेतलं साधन जुळलं की काय घडतं, हे या चाचणीने दाखवलं. अशीच जुळणी करण्यासाठी पुण्यात पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात, 2007 पासून ‘व्हेंचर सेंटर’ काम करतं. नवख्या उद्योजकाला स्वतः विकत घेणं अशक्य अशी महागडी यंत्रं, प्रयोगाचं टेबल, पेटंटचा सल्ला, उपकरणाचा नमुना बनवण्याची सोय, तज्ज्ञांची साथ असं सारं तिथे एका छताखाली मिळतं. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2012 मध्ये स्थापन केलेल्या ‘बायरॅक’ या संस्थेच्या ‘बिग’ योजनेतून नव्या कल्पनेला 50 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकतं. ही योजना राबवणाऱ्या भागीदारांत व्हेंचर सेंटरही आहे. आरोग्यातलं उत्पादन कल्पनेपासून बाजारापर्यंत जायला वर्षं लागतात. गुंतवणूकदार सुरुवातीला हात आखडता घेतो. त्या काळात तग धरण्यासाठी हा आधार लागतो.

पण यंत्रांनी भरलेल्या इमारतीला प्रश्न कोण पुरवणार? घाटाखालच्या आरोग्य केंद्राच्या गरजा वेगळ्या आहेत. वीज गेली तरी टिकणारी, शीतकपाटावाचून साठवता येणारी औषधं हवीत. विष अंगात भिनलं आहे का, हे परिचारिकेला खाटेशीच कळावं अशी स्वस्त तपासणी हवी. पावसाळ्यात वरंध घाट बंद झाला तरी अडणार नाहीत अशी उपकरणं हवीत. या गरजा पुण्यात बसून सुचणार नाहीत.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं असं: व्हेंचर सेंटरसारख्या प्रत्येक केंद्राने आपल्या नवउद्योजकांना वर्षातून काही आठवडे ग्रामीण रुग्णालयात राहायला पाठवावं, आणि तालुक्याच्या डॉक्टरांना आपल्या प्रयोगशाळेत मानाने बोलवावं. त्यासाठी रजा आणि प्रवासखर्च सरकारने द्यावा. महाड-पोलादपूरच्या तरुण डॉक्टरांनीही रुग्णांच्या नोंदी नेटाने ठेवाव्यात आणि आपला प्रश्न घेऊन पाषाणचं दार ठोठावावं. बिरवाडीच्या खाटेशेजारून निघालेलं ज्ञान जगाच्या पाठ्यपुस्तकांत पोचलं. तेव्हा पाठीशी असं कोणतंही केंद्र नव्हतं. आज ते आहे. त्याचा लाभ घेतला नाही, तर दोष आपलाच.