नऊ लाल दिवे आणि एक कागद

लाल सिग्नल ओलांडून गाडी पुढे गेली की रेल्वेत त्याला ‘स्पॅड’ म्हणतात. असा प्रकार घडला की पहिला संशय लोको पायलटवर येतो: डोळा लागला होता का, फोनवर बोलत होता का, वेगाची घाई झाली होती का. ‘ह्यूमन फॅक्टर्स’ या नावाने ओळखली जाणारी मानसशास्त्राची शाखा चौकशीला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करते. केबिनमध्ये, रुळाच्या कडेला आणि हातातल्या कागदावर असे काय होते, की शिकल्या-सवरलेल्या, अनुभवी माणसाच्या हातून ही चूक सहज होऊ शकली? भारतात या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कोलकात्यातल्या सियालदहकडे निघालेल्या कांचनजंगा एक्स्प्रेसचा अपघात.

१७ जून २०२४. आगरतळा–सियालदह कांचनजंगा एक्स्प्रेस न्यू जलपाईगुडी सोडून दक्षिणेकडे निघाली होती. पुढे रंगापानी आणि चत्तरहाट यांच्या दरम्यान पहाटे ५ वाजून ५० मिनिटांपासून स्वयंचलित सिग्नल यंत्रणा बंद पडली होती आणि या टप्प्यातले नऊ सिग्नल लाल होऊन बसले होते. अशा वेळी स्टेशन मास्तर चालकाला लेखी परवाना देतो. त्या दिवशी दिला जात होता ‘टी/ए ९१२’. त्यात ओलांडायच्या सिग्नलांचे क्रमांक लिहिलेले असतात आणि ते लाल असले तरी पुढे जाण्याची मुभा असते. कांचनजंगा हा कागद घेऊन ८ वाजून २७ मिनिटांनी रंगापानीहून सुटली. पाठोपाठ ८ वाजून ४२ मिनिटांनी एक मालगाडी तसाच कागद घेऊन निघाली आणि ८ वाजून ५५ मिनिटांच्या सुमारास उभ्या कांचनजंगावर मागून आदळली. १० जण मेले. त्यांत मालगाडीचा लोको पायलट आणि कांचनजंगाचा गार्डही होता.

काही तासांतच मालगाडीच्या चालकाने सिग्नलकडे दुर्लक्ष केल्याचे रेल्वे बोर्डाकडून सांगण्यात आले. बाजू मांडायला तो उरला नव्हता.

मुख्य रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात मात्र वेगळेच चित्र होते. सिग्नल बिघडला ते अपघात होईपर्यंतच्या वेळात या दोन गाड्यांखेरीज आणखी पाच गाड्या त्या टप्प्यात शिरल्या होत्या. स्वयंचलित विभागात लाल सिग्नलपाशी दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटे थांबावे आणि मग पुढचे नीट दिसत असल्यास ताशी १५ किलोमीटरच्या आतच पुढे सरकावे, असा नियम आहे. तो पाळला फक्त कांचनजंगाने. बाकीच्यांनी त्या कागदाचा अर्थ आपापल्या परीने लावला. एक माणूस नियम मोडतो तेव्हा दोष त्याचा असू शकतो. एकच कागद सात चालकांच्या हाती पडतो आणि एकच जण त्याचा अपेक्षित अर्थ लावतो, तेव्हा तपासायचा असतो तो कागद. टी/ए ९१२ वर वेगमर्यादा लिहिलेलीच नव्हती. शिवाय इतका वेळ चाललेल्या बिघाडात तो परवाना देणेच चूक होते; द्यायला हवा होता ‘टी/डी ९१२’, ज्यात दोन स्थानकांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी सोडतात. चालक आणि स्टेशन मास्तर यांना अशा प्रसंगाचे पुरेसे समुपदेशन नव्हते आणि चालकांजवळ वॉकीटॉकीही नव्हते. हा अपघात कधी ना कधी होणारच होता, असा अहवालाचा सूर होता.

मानसशास्त्राच्या बाजूने पाहिले तर त्या नऊ लाल दिव्यांत गोची होती. लाल म्हणजे ‘थांब’ ही खूणगाठ चालकाच्या मनात वर्षानुवर्षांच्या सवयीने पक्की झालेली असते. परवान्याने तीच खूण एका सकाळपुरती निरर्थक ठरवली. पहिला लाल सिग्नल ओलांडला, काही झाले नाही. दुसरा ओलांडला, तरीही काही झाले नाही. लक्ष पुढच्या वाटेवर शोध घेत असते ते अपेक्षेच्या दिशेने, आणि अपेक्षा आता ‘मार्ग मोकळा आहे’ अशी बनलेली असते. पुढे गाडी उभी असेल ही शक्यता माहीत असणे वेगळे आणि तिच्यासाठी डोळे ताणून बसणे वेगळे. समोर गाडी दिसताच त्या चालकाने आपत्कालीन ब्रेक लावला होता. ताशी ७८ किलोमीटरचा वेग धडकेच्या क्षणी ४० वर आला होता. म्हणजे तो जागा होता आणि पाहतही होता, पण अंतर पुरले नाही.

लक्ष टिकवून धरणे माणसाला जमत नाही, हे दुसऱ्या महायुद्धातच दिसून आले होते. शत्रूच्या पाणबुड्या शोधणाऱ्या रडारवाल्यांच्या नजरेतून खुणा निसटू लागल्या, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने आकडे नसलेले एक घड्याळ बनवले. त्याचा काटा ठरावीक टप्प्यांनी पुढे उडे आणि क्वचित एकदम दोन टप्पे जाई. पाहणाऱ्याने फक्त ती दुहेरी उडी टिपायची. १९४८मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पहिल्या अर्ध्या तासातच टिपण्याचे प्रमाण ठळकपणे घसरले. माणसे आळशी नव्हती. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट पाहत बसणे हे कामच मेंदूला झेपत नाही. रात्रीची मालगाडी चालवणे बरेचसे असेच काम आहे.

दुसरा धडा विमानांनी दिला. अमेरिकेत पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० चुका गोळा करून १९४७मध्ये त्यांची वर्गवारी केली. बऱ्याच चुकांचे मूळ एकसारख्या दिसणाऱ्या, शेजारी बसवलेल्या दांड्यांत आणि बटणांत निघाले. त्याआधी अल्फोन्स चॅपॅनिस यांनी बी-१७ विमान उतरवल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच का उचलतात, याचा उलगडा केला होता. दोन्ही बटणे हाताला सारखीच लागत होती. एका मुठीला चाकाचा आणि दुसरीला पंखाचा आकार देताच त्या चुका थांबल्या. वैमानिकांना एक शब्दही शिकवावा लागला नाही.

भारतीय रेल्वेने सुरुवात केली ती मात्र माणूस पारखण्यापासून. कुंझरू समितीच्या शिफारशीनंतर १९६४मध्ये लखनौच्या संशोधन संस्थेत, म्हणजे आरडीएसओमध्ये, मानसतंत्र विभाग सुरू झाला. सहायक लोको पायलट व्हायचे तर आजही स्मृती, सूचना पाळण्याची क्षमता, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि जलद निरीक्षण या पाच चाचण्या द्याव्या लागतात आणि प्रत्येकीत वेगळे पास व्हावे लागते. चाळणी चांगली आहे. पण तिच्यातून पार पडलेला माणूसही पहाटे दोन वाजता मॅकवर्थच्या घड्याळासमोर बसलेल्यांहून वेगळा नसतो. १९ जुलै २०१० रोजी साधारण त्याच वेळी, सियालदहकडेच येणारी उत्तरबंग एक्स्प्रेस सैंथिया स्थानकात वनांचल एक्स्प्रेसवर मागून आदळली. साठांहून अधिक प्रवासी गेले आणि उत्तरबंगचे दोघे चालकही.

केबिनमधला जागल्या म्हणजे व्हीसीडी, दक्षता नियंत्रण यंत्र. साधारण मिनिटभर चालकाने हॉर्न, ब्रेक, थ्रॉटल यांपैकी कशालाच हात लावला नाही, तर दिवा लागतो, मग बझर वाजतो आणि तरीही प्रतिसाद नाही मिळाला तर ब्रेक आपोआप लागतो. चालकाचे भान हरपले तर यंत्र गाडी थांबवते. मात्र भान असूनही लक्ष नसले, तर बटण दाबणे ही निव्वळ हाताची सवय बनते. लंडनजवळच्या लॅडब्रोक ग्रोव्ह येथे ५ ऑक्टोबर १९९९ रोजी हेच घडले. तिथली इशारा यंत्रणा पिवळा, दुहेरी पिवळा आणि लाल या तिन्हींसाठी एकच भोंगा वाजवायची. चालकाने तो नेहमीप्रमाणे बंद केला आणि लाल सिग्नल ओलांडला. ३१ जण मेले. एसएन१०९ हा तोच सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा ओलांडला गेला होता, तरी तो जागचा हलवला नव्हता.

साध्या उपायांत जपानी पद्धत सरस ठरली. चालक सिग्नलकडे बोट दाखवून त्याचा रंग मोठ्याने उच्चारतो. जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४च्या प्रयोगात यामुळे दर शंभर कृतींमागील चुका २.३८वरून ०.३८वर आल्या. भारतातही लोको पायलट आणि सहायक एकमेकांना सिग्नल ऐकवतात. पण मुंबईच्या लोकलमध्ये किंवा सियालदहच्या लोकलमध्ये पुढच्या केबिनमध्ये मोटरमन एकटाच असतो, त्यामुळे ऐकणारे कोणी नसते. म्हणूनच मुंबईच्या उपनगरी मार्गांवर चालकावर विसंबून न राहणारी सहायक इशारा प्रणाली पूर्वीच बसवली गेली.

सियालदहला आता दोन युगे शेजारी-शेजारी नांदतात. वर रोज दहा लाखांहून अधिक माणसे मोटरमनच्या नजरेवर प्रवास करतात; खाली हरित मार्गिकेच्या मेट्रोत, जिथे सियालदह स्थानक जुलै २०२२मध्ये सुरू झाले, रेडिओवर आधारित नियंत्रण गाड्यांमधले अंतर राखते आणि फलाटाला काचेची दारे आहेत. यंत्राच्या हाती कारभार गेला की प्रश्न संपतो, असे मात्र नाही. लिझान बेनब्रिज यांनी १९८३मध्येच दाखवले होते की स्वयंचलन वाढते तसा माणसाचा सराव मोडतो आणि यंत्र अडले की त्याच सराव मोडलेल्या माणसाकडून सर्वांत अवघड निर्णयाची अपेक्षा केली जाते. रंगापानीलाही सिग्नल स्वयंचलितच होते. ते ठप्प झाले आणि कारभार छापील फॉर्मवर येऊन ठेपला.

कांचनजंगाच्या अपघातानंतर काही दिवसांतच पूर्व रेल्वेने टी/ए ९१२ देणे स्थगित केले आणि पुढे आयुक्तांनी ‘कवच’ प्राधान्याने बसवण्याची शिफारस केली. आरडीएसओने विकसित केलेली ही प्रणाली सिग्नलचा रंग केबिनमध्ये दाखवते आणि गरज पडल्यास स्वतः ब्रेक लावते. अपघाताच्या वेळी ती दक्षिण मध्य रेल्वेच्या सुमारे १,४६५ किलोमीटर मार्गावर बसलेली होती. रंगापानीच्या मार्गावर नव्हती. कवच देशभर पोहोचायला वर्षे लागतील. परवान्यावर वेगमर्यादा ठळक आकड्यांत छापायला लागतो तो फक्त एक आदेश, आणि तो १७ जूनच्या आधी निघायला हवा होता.