बैलांची खांदशेकणी आणि ट्रॅक्टरचे तेल



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर ज्या खांद्यावर जू राहिले, त्याला हळद-तूप लावून शेकायचे आणि उद्या जेवायला येण्याचे आवतण द्यायचे. दुसऱ्या दिवशी पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी लेकराबाळांचा तान्हा पोळा. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला तर दूरदूरचे लोक येतात. आता काही गावांत तोरणाखाली ट्रॅक्टरही उभा दिसतो. त्याला हार घालतात, कुंकू लावतात. चांगलेच आहे. पण बॉनेटला कुंकू लागले म्हणजे त्याचा खांदा शेकला गेला असे नाही. ट्रॅक्टरचा खांदा इंजिनाच्या पोटात असतो आणि तो शेकायचा म्हणजे वेळेवर तेल व फिल्टर बदलायचा. हे काम घरच्या अंगणात, तासा-दीड तासात होते. त्यासाठी दरवेळी मिस्त्रीची वाट पाहण्याची गरज नाही. आज त्याचीच माहिती देत आहोत.

एका ट्रॉलीची गोष्ट

मागे एका हंगामात आमच्या पाहणीत एका सभासदाचा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसह रस्त्यात बंद पडला. इंजिनातून खडखड आवाज आला आणि इंजिन जाम झाले. आम्ही विचारले, ‘‘भाऊ, तेल केव्हा बदलवलं होतं?’’ ते म्हणाले, ‘‘कमी झालं का वरून टाकत होतो जी. पुरं कायले बदलवाचं?’’ चेंबर उघडले तेव्हा तळाशी डांबरासारखा गाळ बसलेला होता, फिल्टर चोंदलेला होता आणि बेअरिंगे खरवडली गेली होती. दुरुस्तीचा खर्च झाला तो वेगळाच. ट्रॉलीतला ऊस दोन दिवस उन्हात उभा राहिला आणि शेतात तोडून पडलेला तिथेच वाळला. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा हे आपण सारेच जाणतो. त्यापुढे वजन घटते, साखर घटते. म्हणजे दोन डबे तेल वाचवायला गेले आणि काट्यावर वजन गमावून बसले.

इंजिन गेले की बैल आठवतात, हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. वर्ध्याहून सेवाग्रामला पाहुणे नेण्यासाठी एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपीत, अशी आठवण सांगतात. ऑक्स म्हणजे बैल, म्हणून त्या गाडीला थट्टेने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. ती थट्टा गोड होती. पण गळीत हंगामात भरल्या ट्रॉलीला ‘ऑक्सफर्ड’ करण्याची पाळी कोणावर येऊ नये.

तेल काळे का पडते?

डिझेल इंजिनाचे नवे तेल थोड्याच तासांत काळे होते. ते पाहून काही जण घाबरतात, तर काही जण ‘काळे तर होणारच’ म्हणून दोन हंगाम तेच चालवतात. दोघांचेही चुकते. तेलाचे काम फक्त वंगणाचे नाही. ते बेअरिंग थंड ठेवते, पिस्टनच्या रिंगांची फट भरते आणि जळालेल्या डिझेलची काजळी स्वतःत धरून ठेवते, म्हणजे ती इंजिनात चिकटत नाही. तेल काळे झाले म्हणजे ते काम करीत आहे. पण ही धरून ठेवण्याची ताकद कधीतरी संपते. मग काजळी खाली बसू लागते आणि गाळ होतो. ही वेळ रंगावरून कळत नाही, तासांवरून कळते.

गेजकाडी रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी पाहावी. तेल कमी असेल तर भरावे. पण न भरता पातळी वाढलेली दिसली तर खुश होऊ नये. तेलात डिझेल उतरत असेल. तेल दुधी दिसले तर पाणी शिरले आहे. अशा वेळी तेल बदलून भागत नाही, जाणत्या मिस्त्रीलाच दाखवावे.

किती तासांनी?

नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल बहुधा ५० तासांनंतरच काढावे लागते, कारण सुरुवातीची झीज त्यात उतरते. पुढे बऱ्याच ट्रॅक्टरांना २५० तासांचा हिशेब असतो. जुन्यांना त्याहून कमी आणि काही नव्यांना जास्त. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जो आकडा आहे तोच खरा.

आता हिशेब करू. ऊस वाहतुकीला ट्रॅक्टर दिवसाला १० तास चालला, तर २५० तास २५ दिवसांत भरतात. चार महिन्यांच्या हंगामात १,२०० तास होतात, म्हणजे चार-पाच वेळा तेल बदलणे आले. पोळ्याला एकदा बदलवले की वर्षाची निश्चिंती झाली, हा समज म्हणूनच सोडावा. पोळ्याचे तेल ही सुरुवात. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन उगाच सुरू ठेवले तर तेलाचे आयुष्य तिथेही खर्च होते. रांगेत इंजिन बंद ठेवावे.

कोणते तेल घ्यावे?

डब्यावर दोन खुणा पाहाव्यात. पहिली जाडीची, उदाहरणार्थ १५ डब्ल्यू-४०. यातला डब्ल्यू थंडीचा, म्हणजे थंड इंजिनात तेल किती लवकर वाहते ते पहिला आकडा सांगतो आणि तापलेल्या इंजिनात ते किती जाड राहते ते दुसरा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून दुसऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष करू नये. दुसरी खूण प्रतीची, सीएफ-४, सीआय-४ अशी. सी अक्षर डिझेल इंजिनाचे आणि एस अक्षर पेट्रोलचे. हायड्रॉलिकचे व गिअरचे तेल वेगळे. ते इंजिनात ओतू नये.

डबा सीलबंद घ्यावा आणि पक्की पावती घ्यावी. रिकामा झालेला डबा भोक पाडूनच टाकावा. तुमच्याच डब्यात कोणी भेसळीचे तेल भरून तुमच्याच शेजाऱ्याला विकू नये, एवढ्यासाठी.

हाताने करायचे काम

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून कोमट करावे. कोमट तेल सोबत गाळही घेऊन येते. फार तापवू नये, हात भाजेल. मग इंजिन बंद करून चावी काढावी, ब्रेक लावावा आणि चाकांना दगड लावावेत.

२. चेंबरखाली रुंद, न गळणारे घमेले ठेवावे. रिंग पान्याने बूच सैल करावे आणि शेवटचे आटे हाताने काढावेत. तेल १५-२० मिनिटे निथळू द्यावे. घाई करू नये, चहा घ्यावा.

३. बुचाला लागलेला गाळ चिंधीवर पुसून पाहावा. बारीक राखाडी चिखल चालतो. चकचकीत धातूचे कण दिसले तर मिस्त्रीला दाखवावे.

४. फिल्टर पट्टीच्या पान्याने सोडवावा. पेचकस आरपार ठोकून फिरवण्याची काही जणांना सवय असते, त्यात पत्रा फाटतो आणि फिल्टर तिथेच राहतो. जुन्या ट्रॅक्टरला वाटीतला फिल्टर असतो, त्याची वाटी डिझेलने धुऊन, पुसून कोरडी करावी.

५. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला नवे तेल बोटाने लावावे. फिल्टर उभा बसत असेल तर आधी तेलाने भरून घ्यावा, म्हणजे पहिल्या सुरुवातीला बेअरिंगे कोरडी राहत नाहीत. रिंग टेकली की पुढे हातानेच साधारण पाऊण फेरा. पान्याने आवळू नये.

६. बुचाला नवा वायसर घालून ते बसवावे. जोर बेताचा. आटे गेले तर चेंबरच बदलण्याची पाळी येते.

७. पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा थोडे कमी तेल भरावे आणि गेजकाडीवर पाहत वाढवावे. वरच्या खुणेच्या पुढे भरू नये. इंजिन सुरू करून रेस न देता तेलाच्या दाबाचा दिवा पाहावा. तो काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करावे. खाली वाकून गळती पाहावी. मग बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा गेजकाडी पाहावी.

८. तारीख आणि मीटरवरचे तास फिल्टरवरच रंगाने लिहावेत. कागद हरवतो, फिल्टर हरवत नाही.

तेलात बुडलेला एअर क्लीनर असेल तर त्याचेही तेल याच वेळी बदलावे. पुढे धुळीच्या दिवसांत तो रोज पाहावा. त्यात जुने जळालेले तेल भरू नये.

आमची एक चूक

दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्याआधी आमचेही सांगतो. एकदा आमच्या जीपचे तेल आम्हीच बदलले. नवा फिल्टर बसवला, तेल भरले, इंजिन सुरू केले आणि क्षणात खाली तेलाचे थारोळे झाले. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि तिच्यावर आम्ही नवी बसवली होती. अंगणात होतो म्हणून लक्षात आले. रस्त्यावर असतो तर इंजिन गेले असते. तेव्हापासून जुना फिल्टर हातात आला की पहिल्यांदा त्याची रिंग त्याच्यासोबत आली का, ते पाहतो. आपणही पाहावे.

घरची मोटार

आता पुष्कळ सभासदांच्या दारी मोटार आहे. रीत हीच. मात्र नव्या पेट्रोल गाड्यांना पातळ तेल लागते, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०. ट्रॅक्टरचे उरलेले तेल त्यात घालू नये. नव्या डिझेल गाड्यांत धूर गाळण्याची जाळी असते, तिला कमी राखेचे ठरावीक तेलच चालते. आणि नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. मजबूत स्टँड नसेल तर ते काम सोडून द्यावे. तेलापेक्षा जीव मोठा. गाडीची वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटी आधी वाचाव्यात.

जुन्या तेलाचे काय?

आता खरी गोष्ट. काढलेले सहा-सात लिटर तेल जाते कुठे? धुऱ्यावर, नालीत, नाहीतर विहिरीच्या काठाशी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा इशारा असा, की वापरलेले तेल आपल्या दहा लाख पट गोडे पाणी बिघडवू शकते. वीस फूट रुंद विहिरीत बारा फूट पाणी असेल तर ते जवळपास एक लाख लिटर भरते. म्हणजे एका लिटर तेलाने अशा दहा विहिरी. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यांतून तेल थेट खोल उतरते. ज्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे आणि जे पाणी लेकरे पितात, तेच हे पाणी.

हे तेल भट्टीत किंवा चुलीत जाळू नये, धुरातून जड धातू बाहेर पडतात. खरूज झाली म्हणून जनावराला लावू नये. ते आपल्या अंगालाही वरचेवर लागू देऊ नये, हातमोजे घालावेत, नंतर साबणाने धुवावे.

मग करावे काय? घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरावे. त्यात पाणी, डिझेल, कूलंट मिसळू नये. कॅनवर ‘जुने तेल’ असे लिहावे आणि लेकरांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. जुना फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळावा, ते तेलही त्याच कॅनमध्ये. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार असे तेल नोंदणीकृत फेरशुद्धीकरण करणाऱ्यांकडेच जायला हवे. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने त्याची जबाबदारी तेल बनविणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. म्हणून नवे तेल घेतानाच दुकानदाराला किंवा सर्व्हिस केंद्राला विचारावे, ‘‘जुने परत घेता का?’’ शुद्ध केले की तेच तेल पुन्हा कामाला येते. ते संपत नाही, फक्त मळते.

एकट्याचे सहा लिटर न्यायला कोणी येत नाही. पण गावातल्या दहा सभासदांनी एका ठिकाणी जमवले तर साठ लिटर होतात आणि घेणारा दारी येतो. सहकार म्हणजे दुसरे काय!

तेव्हा यंदा खांदशेकणीच्या दिवशी बैलांचे आवतण झाले की अर्धा तास ट्रॅक्टरजवळ जावे. मीटरवरचे तास पाहावेत, मागच्या खेपेचा आकडा आठवावा, आणि आठवत नसेल तर त्याच दिवशी तेल बदलावे. हंगामात आपली ट्रॉली काट्यावर वेळेवर यावी आणि विहिरीचे पाणी निर्मळ राहावे, एवढीच विनंती.