हजार पौर्णिमा आणि एक पुठ्ठा

साठीशांत, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन हे सोहळे आपल्या घरांना नवे नाहीत. सुमारे ८० वर्षे १० महिने पुरे झाले म्हणजे हजार पौर्णिमा पाहिल्या, असा हा हिशेब. जपानातही अशी वये ठरलेली आहेत. आपल्या संवत्सरांप्रमाणे त्यांचाही फेरा ६० वर्षांचा. तो पुरा झाला की वडीलधाऱ्यांस तांबडी बंडी घालतात. ८८ वे वर्ष तर तांदळाचे! त्यांचे ‘तांदूळ’ हे अक्षर सोडविले की आठ, दहा, आठ असे आकडे निघतात.

मला विशेष भावली ती त्यांची शिकिशी. जाड, सोनेरी काठाचा, जवळजवळ चौकोनी पुठ्ठा. त्यावर घरातला प्रत्येकजण आपापल्या अक्षरात चार शब्द लिहितो. कडेला दीर्घायुष्याची खूण म्हणून कागदी क्रौंच पक्षी.

आमच्या काकूंच्या सहस्रचंद्रदर्शनास आम्ही तसाच पुठ्ठा केला. सामान खजुरी बाजारातून आणले, काठावर रांगोळीची वेलबुट्टी काढली. अडले ते मजकुरापाशी. नातवंडे मराठी बोलतात, पण शाळेत सारे हिंदी-इंग्रजी. धाकट्याने लिहिले, ‘आजी, तुझी पुरनपोली’. ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही! काकूंनी चष्मा पुसून तोच कोपरा दोनदा वाचला.

मानपत्र छापखान्यात मिळते, नातवाचे अक्षर मिळत नाही. इंदुरात आपली मराठी बोलण्यात टिकली आहे. लिहिण्यात टिकवायची, तर अशा सोहळ्याआधी महिनाभर मुलांकडून ‘ळ’ गिरवून घ्यावा. आजीला ह्याहून मोठा आहेर कोणता?